‘गोंदवून घेणे’ : एका क्रियापदाविरुद्ध

ब्रिटिश संसदेने १९६९ साली अल्पवयीनांच्या गोंदणाविषयी एक कायदा केला. जेमतेम पानभराचा. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तो एकदा तरी वाचावा असे मला वाटते, कारण त्यातले मुख्य वाक्य कर्ता आणि कर्म यांच्या बाबतीत विलक्षण काटेकोर आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीला गोंदणे हा अपराध. अपवाद एकच, वैद्यकीय कारणासाठी पात्र डॉक्टरने किंवा त्याच्या देखरेखीखाली केलेले गोंदण. आणि गोंदणाऱ्याला बचावही एकच, समोरची व्यक्ती अठरा वर्षांची आहे असे मानण्यास त्याच्यापाशी वाजवी कारण होते आणि त्याने खरोखरच तसे मानले होते. असा त्या वाक्याचा आशय आहे. गोंदण म्हणजे काय याची व्याख्याही लगोलग दिली आहे: कायमची खूण राहावी अशा बेताने त्वचेत रंगद्रव्य घालणे. शिक्षा दंडाची, तुरुंगाची नाही. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तो कायदा आजही लागू आहे; उत्तर आयर्लंडसाठी १९७९ साली त्याच धर्तीचा आदेश निघाला.

या वाक्यात माणसे दोनच आहेत. एकाच्या हातात सुई आहे आणि दुसऱ्याची त्वचा आहे. अपराध घडतो तो सुई धरणाऱ्याकडून. मुलाने किती हट्ट केला, पैसे कोणाच्या खिशातून आले, नक्षी कोणी निवडली, यांतल्या कशालाही त्या वाक्यात जागा नाही. आणि एक तिसरी व्यक्ती तिथे मुळीच नाही, ती म्हणजे पालक. आईबापांची लेखी संमती असल्यास चालेल, असे हा कायदा कुठेही म्हणत नाही. हे अनवधान समजणे कठीण आहे. कर्करोगाच्या किरणोपचारात नेमकी जागा पुन्हा पुन्हा सापडावी म्हणून त्वचेवर बारीकसा कायमचा ठिपका देतात. अशा गरजांसाठी वैद्यकीय अपवाद लिहून ठेवणाऱ्यांना पालक आठवले नसतील, हे संभवत नाही. पालक वगळले गेले, आणि प्रस्तुत लेखाचा सारा रोख त्या वगळण्याच्या बाजूने आहे.

आपल्याकडे काय आहे? गोंदणाच्या वयोमर्यादेचा स्वतंत्र केंद्रीय कायदा भारतात नाही. शहरांतले स्टुडिओ दारावर ‘अठरा वर्षे पूर्ण’ अशी पाटी लावतात, ती बहुधा व्यवसायाची अब्रू म्हणून आणि भांडणाच्या भीतीने. कायद्याचे जे आधार सापडतात ते सगळे आडवळणाचे आहेत. १८७२चा करारविषयक कायदा अज्ञानास करार करण्यास अपात्र ठरवतो. भारतीय दंड संहितेची ८७ ते ९० ही कलमे, जी १ जुलै २०२४पासून जवळजवळ त्याच शब्दांत भारतीय न्याय संहितेत आली आहेत, संमतीचा विचार करतात. अठरा वर्षांवरील माणूस किरकोळ इजेला आपखुशीने संमती देऊ शकतो. बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला पालक संमती देऊ शकतात. मधल्या वयाच्या मुलाची संमती धरायची, तर कृती त्याच्या हिताची असावी लागते. म्हणजे शेवटी सगळा भार येऊन पडतो तो ‘हित’ या शब्दावर. नऊ वर्षांच्या मुलीच्या कपाळावर कायमची खूण करणे तिच्या हिताचे आहे का? आईबाप शपथेवर सांगतील की आहे, आणि ते खोटे बोलत नसतील. पंचाईत तिथेच आहे.

जाता जाता एक विसंगती नोंदवतो. २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आणि त्याची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती बंधनकारक केली. मुलाचे नाव आणि जन्मतारीख कुठल्याशा कंपनीच्या संगणकात शिरण्यापूर्वी आपण एवढी काळजी घेतो. तेच नाव त्याच्या मनगटात सुईने शिरताना विचारणारे कोणी नाही. माहिती निदान पुसता येते.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येतो. ती संसदेविषयी नाही, आपल्याविषयी आहे. म्हणजे जे मराठी शिकवतात, लोकसाहित्यावर प्रबंध लिहितात, दिवाळी अंकांतून संस्कृतीविषयी हळवे होतात, त्यांच्याविषयी. गोंदणावरचा आपला कोणताही लेख काढून त्यातली क्रियापदे पाहावीत. ‘मुली लहानपणीच गोंदवून घेत असत.’ ‘लग्नाआधी गोंदवून घेण्याची रीत होती.’ मूळ धातू साधा आहे, गोंदणे. त्याचे प्रयोजक रूप गोंदवणे. इथे करवून घेणारी दुसरी व्यक्ती आली. आणि त्यापुढे ‘घेणे’ लागते तेव्हा कृतीचे फळ कर्त्याच्याच पदरात पडते आणि ती कृती त्याच्या इच्छेने झाली, असे मराठी भाषकाला आपोआप वाटते. आपण केस कापून घेतो, कपडे शिवून घेतो, काम करून घेतो. ‘घेणे’ या सहायक क्रियापदात इच्छा गृहीत असते. सहा-सात वर्षांची पोर, जिचे हात एका बाईने धरले आहेत आणि पाय दुसरीने, तिला या क्रियापदाची कर्ती करणे ही व्याकरणाच्या मदतीने केलेली लबाडी आहे. ती मुद्दाम केलेली नाही म्हणून अधिक खोल रुजलेली आहे. जिच्यावर कृती झाली तीच स्त्री म्हातारपणी ‘मी गोंदून घेतलं’ असे म्हणते. तिचे ते म्हणणे आपण टिपून घेतो, आणि संमतीचा पुरावा हाती आला असे समजतो. साठ वर्षांनंतर दिलेली संमती!

ललित निबंधातली आजी वाचकांच्या परिचयाची आहे. तिच्या कपाळावर हिरवे गोंदण असते, हातावर तुळशीवृंदावन असते, आणि निबंधाच्या शेवटी लेखकाला शहरातल्या आपल्या फ्लॅटमध्ये ते गोंदण आठवून भरून येते. या आजीला निबंधात वय एकच असते, ते म्हणजे म्हातारपण. गोंदताना ती किती वर्षांची होती हे लेखक विचारत नाही. रंगाचेच घ्या. तो हिरवा कशाने दिसतो? काजळी मुळात काळी. ती त्वचेच्या खालच्या थरात गेल्यावर वरच्या त्वचेतून प्रकाश विखरून निळसर-हिरवी भासते. म्हणजे आपण ज्या हिरवेपणावर परिच्छेद लिहितो तो काजळी किती खोल टोचली गेली याची खूण आहे.

याच आजीच्या तोंडी बहुतेक वेळा एक वाक्य येते: सोनेनाणे इथेच राहते, मेल्यावर बाईसोबत जाते ते गोंदण. ही समजूत महाराष्ट्रातच नव्हे, मध्य आणि उत्तर भारतातही दूरवर पसरलेली आहे, आणि तिच्या सौंदर्याची वाखाणणी करताना आपण थकत नाही. मला तिच्यात सौंदर्यापेक्षा हिशेब अधिक दिसतो. जिच्या अंगावरचा डाग सासरा गहाण टाकू शकतो, नवरा मोडून खाऊ शकतो, दीर वाटणीत मागू शकतो, तिच्यासाठी न मोडता येणारा दागिना कोणता, या प्रश्नाचे ते उत्तर आहे. हिंदू वारसा कायदा १९५६चा. वडिलार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला आणि देशाने २००५ साली. तोवर ज्यांच्या नावावर शेताचा तुकडा नव्हता त्यांच्या नावावर हे हिरवे ठिपके होते. या समजुतीला अध्यात्म म्हणण्यापूर्वी तिला दारिद्र्याचा दस्तऐवज म्हणून वाचणे, हे समीक्षकाचे पहिले काम नव्हे काय?

गोंदणाच्या गाण्यांचेही तसेच. ही गाणी आपण लोकगीतांच्या पाठात शिकवतो. त्यांतील माहेरची ओढ दाखवतो, फुलापाखरांच्या प्रतिमा मोजतो. गोंदणारीण हे गाणे म्हणे तेव्हा सुई चालू असे, आणि पोरीचे लक्ष वेदनेवरून काढणे हे त्या गाण्याचे एक रोकडे काम होते, ही गोष्ट आपण तळटीपेतही देत नाही. भूल देण्याचे औषध नव्हते, गाणे होते. त्यामुळे त्या गाण्याची लय, त्यातली पुनरावृत्ती, मुलीला नावाने मारलेली हाक, हे सारे वेगळ्या अर्थाने वाचावे लागते. गाण्याचे मोल त्याने कमी होत नाही. उलट असे संदर्भासह वाचलेले गाणे अधिक हलवून जाते. पण मग ते ‘उत्सवाचे गीत’ राहत नाही, आणि आपल्याला उत्सव हवा असतो.

एक ऐतिहासिक संदर्भ इथे आणल्यावाचून राहवत नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा कायमचा गोंदला जाई. बंगाल इलाख्यात १७९७च्या विनियमाने ही पद्धत बसवली आणि १८४९ साली ती रद्द झाली. तिला नाव दिले होते ‘गोदना’. शब्द आपलाच, कसबही आपलेच. परवानगीवाचून माणसाच्या कपाळावर लिहिले तर त्याला सरकारने शिक्षा म्हटले. तेच घराने मुलीच्या कपाळावर केले तर त्याला शृंगार म्हटले. मी दोन्ही कृत्ये सारखी आहेत असे म्हणत नाही. हेतू निराळे, प्रेमही निराळे. कपाळाला मात्र कोणीच विचारले नव्हते.

वयाची अट म्हटली की आपल्याकडे एक जुना वाद आपसूक जागा होतो. १८८४ साली बेहरामजी मलबारी यांनी बालविवाहावरचे आपले टिपण प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मुंबईत रखमाबाईंवर दावा दाखल झाला. अकराव्या वर्षी लागलेल्या लग्नाला आपली संमती नव्हती, ही त्यांची भूमिका. १८८७ साली नवऱ्याकडे जा अथवा सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल झाला. १८८८ साली प्रकरण तडजोडीने मिटले. पुढे १८९०च्या कलकत्त्यातील खटल्याने, ज्यात दहा-अकरा वर्षांची फुलमणी नवऱ्याच्या बळजबरीने मेली होती, सगळा देश ढवळून निघाला आणि मार्च १८९१मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. संमतीचे वय दहावरून बारा झाले. एवढ्या दोन वर्षांसाठी ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांत जे घनघोर युद्ध झाले ते मराठी गद्याच्या अभ्यासकाला ठाऊक आहे. टिळकांचे म्हणणे शिक्षणाने सुधारणा व्हावी, परक्या सरकारच्या कायद्याने नव्हे. आगरकरांचे म्हणणे, तोवर मुलींनी काय करायचे?

आज गोंदणाच्या वयाचा विषय काढला की विद्वानांकडून येणारी उत्तरे त्या वादाची हुबेहूब उजळणी असतात. हे पाश्चात्त्य खूळ आहे. घरच्या गोष्टीत सरकारने पडू नये. प्रथा आपोआप नाहीशी होतेच आहे, घाई कशाला. फरक इतकाच की १८९१ साली ही उत्तरे सनातन्यांकडून येत आणि आज ती वसाहतवादविरोधी सिद्धांतनाच्या भारदस्त परिभाषेत परिसंवादांतून येतात. आगरकरांचा प्रश्न मात्र जुना झालेला नाही. आपोआप नाहीशी होणारी प्रथा नाहीशी होईपर्यंत ज्या मुलीच्या कपाळावर उमटते, तिच्या बाबतीत ती शंभर टक्के शिल्लक असते.

खरा पेच पालकांच्या संमतीचा आहे, आणि कायदा झालाच तर तो इथेच पातळ केला जाईल अशी मला खात्री आहे. अमेरिकेत हा पेच उघडा दिसतो, कारण तिथे प्रत्येक राज्याचे निराळे उत्तर आहे. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया या राज्यांत अठरा वर्षांखालील व्यक्तीला गोंदणे हा गुन्हा आहे. पालकांच्या परवानगीने तो माफ होत नाही. अनेक इतर राज्यांत पालकांची लेखी संमती असली, किंवा ते स्वतः शेजारी बसले, की चालते. टेक्सासचा अपवाद मोठा लक्षणीय आहे: तिथे पालकाच्या हजेरीत आणि संमतीने अल्पवयीनाला गोंदता येते ते आधीचे टोळीचे, अमली पदार्थांचे अथवा तशाच आक्षेपार्ह अर्थाचे गोंदण झाकण्यापुरतेच. झालेल्या गोष्टीची डागडुजी म्हणून पालकाला आत घेतले आहे, नवी गोष्ट करण्यासाठी नाही. मला हा भेद शहाणपणाचा वाटतो.

पालकांना मुलांच्या वतीने बोलू द्यायचे नाही, हे आपल्या कानाला उद्दामपणाचे वाटते. पालक मुलाची शाळा निवडतात, नाव ठेवतात, धर्म देतात. मग गोंदणच का नको? एक तर यांतले बहुतेक सारे मोठेपणी बदलता येते. राजपत्रात नाव बदलते, धर्म सोडता येतो. बाराव्या दिवशी टोचलेला कान बाळी काढून ठेवल्यास पुष्कळदा बुजतो. (सोनारानेच कान टोचलेले बरे असे आपण म्हणतो, त्यात कसबाइतकाच परतीच्या वाटेचाही विचार असावा असा माझा एक खाजगी तर्क आहे.) गोंदणाला परतीची वाट म्हणजे लेझर: महिनोन्‌महिने चालणाऱ्या अनेक बैठका, बराच खर्च, आणि तरीही रंगानुसार उरणारा डाग. दुसरे असे की पालकांच्या संमतीची तरतूद ज्या एका परिस्थितीत मुलाला कायद्याची सर्वाधिक गरज असते नेमकी त्याच परिस्थितीत कायदा मागे घेते. पंधरा वर्षांचा मुलगा चोरून मनगटावर काही काढून घेतो तेव्हा आईबाप, शाळा, शेजारी सगळेच त्याच्यावर तुटून पडतात. त्याला आवरायला कायदा नसला तरी चालेल. आईबाप स्वतःच त्याला सुईपुढे बसवतात तेव्हा त्याच्या बाजूने बोलायला या जगात कोणी नसते.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे आदिवासी. शहरी मुलांसाठी कायदा ठीक, परंतु ज्या समाजांत गोंदण ही ओळख आहे तिथे हा सांस्कृतिक अत्याचार ठरेल, असा तो युक्तिवाद. मध्य प्रदेशातील बैगा मुलींचे कपाळ लहानपणीच गोंदले जाते. व्हेरियर एल्विन यांच्या १९३९च्या बैगांवरील ग्रंथापासून हा विषय मानववंशशास्त्राचा लाडका आहे. भारतीय सैन्यभरतीच्या नियमांतही आदिवासी उमेदवारांच्या पारंपरिक गोंदणाला सूट आहे. इतरांना ते हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या पाठीवर असल्यासच चालते. ही सूट योग्यच आहे. ज्याच्यावर खूण झाली त्याला त्या खुणेची शिक्षा नको. पण खूण झालेल्याला सूट देणे आणि खूण करणाऱ्याला सूट देणे या दोन गोष्टी आपण सोयीस्करपणे एकच मानतो.

अरुणाचल प्रदेशातील झिरो खोऱ्यातले अपातानी या बाबतीत फार काही शिकवून जातात. अपातानी मुलींच्या चेहऱ्यावर कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत आणि हनुवटीवर रेषा गोंदल्या जात आणि नाकपुड्यांत लाकडी चकत्या बसवल्या जात. १९७०च्या दशकात ही प्रथा थांबली. ती दिल्लीने थांबवली नाही, मिशनऱ्यांनीही नाही. शिकण्यासाठी आणि कामासाठी खोऱ्याबाहेर गेलेल्या अपातानी तरुणांच्या संघटनेनेच ती बंद पाडली, दंड लावून. बाहेरच्या जगाने त्या चेहऱ्यांकडे ज्या नजरेने पाहिले तिचा हा परिणाम, हे उघड आहे. ती नजर हीन होती असे मीही म्हणेन. तथापि निर्णय त्यांचा होता, आणि तो मुलींच्या चेहऱ्यांवरचा पुढचा निर्णय त्या मुलींसाठी राखून ठेवणारा होता. आज झिरोला जाणारे छायाचित्रकार ‘अखेरची पिढी’ म्हणून म्हाताऱ्या अपातानी स्त्रियांचे चेहरे टिपतात आणि खाली हळहळीच्या ओळी लिहितात. कशाविषयी हळहळ? पुढच्या पिढीच्या दहा वर्षांच्या मुली रडल्या नाहीत म्हणून?

वयाच्या अटीने कला मरेल या भीतीत कलेविषयी मोठाच अविश्वास दडलेला आहे. अठराव्या वर्षी, हातपाय कोणी धरलेले नसताना, बैगा तरुणी कपाळ पुढे करणार असेल तर प्रथा जिवंत आहे. ती करणार नसेल, तर इतकी वर्षे जे जिवंत होते ते काय होते? डिंडोरी जिल्ह्यातील काही कलावंत आता हीच नक्षी कागदावर आणि कापडावर चितारतात. ‘खरे गोंदण ते नव्हे’ म्हणून नाक मुरडणारे रसिक मी पाहिले आहेत. त्यांना कागद चालत नाही, कातडे लागते.

याउलट, स्वतः निवडलेल्या खुणेचे सामर्थ्य मी नाकारीत नाही. छत्तीसगढमधील रामनामी पंथाचे उदाहरण समोर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, देवळाचे दार ज्यांना बंद होते त्यांनी देवाचे नाव साऱ्या अंगावर गोंदले. आता आम्हाला बाहेर कसे ठेवाल, असा तो सवाल होता. याच अंगाने आज ‘जय भीम’ गोंदवून घेणाऱ्या तरुणाकडे पाहावे लागते. इथे ‘घेणे’ हे क्रियापद आपल्या पुऱ्या अर्थाने येते. तो तरुण सोळा वर्षांचा असला तर? माझे उत्तर कठोर आहे: त्याने दोन वर्षे थांबावे. विचार दोन वर्षांत विझत नाही. तमिळनाडूत शाळकरी मुलांच्या मनगटांवरील जातिदर्शक रंगीत धाग्यांवर बंदी घालावी, अशी शिफारस न्यायमूर्ती चंद्रू यांच्या समितीने २०२४ साली केली. तिथे प्रश्न सोडता येणाऱ्या धाग्याचा होता, तरीही समितीला तो गंभीर वाटला. ज्या देशात मुलाच्या अंगावर जात लिहायला मोठी माणसे उत्सुक असतात, तिथे चांगल्या घोषणेसाठी दार किलकिले ठेवले की त्याच दारातून बाकीच्या घोषणाही आत येणार.

अठराच का? हा आकडा स्वर्गातून उतरलेला नाही. मतदानाचे वय १९८९पर्यंत एकवीस होते, मग अठरा झाले. पन्नास घनसेंटीमीटरपर्यंतची, गिअर नसलेली दुचाकी सोळाव्या वर्षी चालवता येते. अत्यंत गंभीर गुन्ह्याच्या आरोपात सोळा ते अठरामधील मुलाला प्रौढ म्हणून न्यायालयासमोर उभे करण्याची वाट २०१५च्या बाल न्याय कायद्याने उघडली, जी मला मुळीच पटलेली नाही. कोणतीही रेघ कुठेतरी ओढलेलीच असते. अठरा या आकड्याच्या बाजूने एक साधी सोय आहे: आपल्याकडचे इतर कागद, म्हणजे करार, मत, सज्ञानता, हे त्याच आकड्याशी येऊन थांबतात, आणि तपासणाऱ्याला नवे गणित करावे लागत नाही.

या साऱ्याविरुद्ध एक आक्षेप मात्र असा आहे की ज्याने माझी झोप उडते, आणि तो संस्कृतिरक्षकांनी कधीच घेतलेला नाही. असा कायदा झाला तर पकडले कोण जाईल? मॉलमधला वातानुकूलित स्टुडिओ आधीच ओळखपत्र मागतो. पकडली जाईल ती जत्रेत चादर अंथरून, बॅटरीवरचे यंत्र घेऊन बसलेली बाई. ती बहुधा फिरस्त्या जमातीतली असेल; १८७१च्या कायद्याने जिच्या पणजोबांना जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि १९५२पर्यंत ज्या समाजांना तो शिक्का पुसून मिळाला नाही, त्यांपैकी एखाद्या समाजातली. पोलिसाला हप्ता देण्याचे आणखी एक कारण आपण तिच्या गळ्यात बांधणार. कपाळावर लिहिण्याविरुद्धचा कायदा पुन्हा तिच्याच कपाळावर लिहिला जाणार.

म्हणून तो कायदा पोलिसी असू नये. १९६९च्या ब्रिटिश कायद्यासारखा दंडापुरता असावा. अंमल आरोग्य विभागाकडे असावा. आणि पहिल्या वेळी दंडाऐवजी नोंदणी, निर्जंतुक सुया आणि प्रशिक्षण द्यावे. आज एकाच सुईने रांगेत वीस हात गोंदले जातात. कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही हे तिन्ही रक्तातून पसरतात, हे त्या बाईला कोणी सांगितलेले नसते. धोका तिच्याही बोटांना आहे. जत्रेत आधार कार्ड कोण मागणार, असे विचारतील. शंका असेल तिथे गोंदायचे नाही, एवढा नियम पुरतो. आणि ‘वाजवी कारण’ हा ब्रिटिश बचाव तिलाही मिळावा. सतरा वर्षे अकरा महिन्यांच्या मुलाला गोंदल्याबद्दल तिला कोणी छळू नये. सात वर्षांच्या मुलीच्या वयाविषयी मात्र कोणाचीच प्रामाणिक फसगत होत नाही. त्या मुलीला चादरीपर्यंत हाताला धरून आणणाऱ्या मोठ्या माणसाचे काय, हे कायद्याच्या मसुद्यात स्वतंत्र कलम म्हणून यायला हवे. दंड दोघांना झाला, तर पहिला त्याला व्हावा.